व्हर्च्युअलबॉक्समधल्या उबुंटूला इंटरनेट: नऊ महिने वापरल्यावर

शिवाजी उद्यमनगरातल्या एका मशीन शॉपमध्ये मी हिशेब बघतो, आणि 'कॉम्प्युटरवाला' म्हणून जे गळ्यात पडेल तेही बघतो. गेल्या जूनमध्ये चलनाची वही बंद करून आम्ही एक साधं वेब पान बनवून घेतलं. ते चालतं उबुंटू सर्व्हरवर (उबुंटू म्हणजे विंडोजसारखीच, पण लिनक्सवरची प्रणाली), आणि वेगळा सर्व्हर घ्यायचं नाव काढलं की मालक विषय बदलतात. म्हणून ऑफिसच्या विंडोज ११ लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत दुसरा आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर, टाकून त्यात उबुंटू बसवलं. व्हर्च्युअलबॉक्स फुकट आहे. जास्तीच्या सोयी देणारा त्याचा एक्स्टेंशन पॅक मात्र धंद्याच्या वापरासाठी फुकट नाही, आणि या कामाला तो लागतही नाही.

गरजा तीनच होत्या. उबुंटूला अपडेट मिळावेत, रात्री बॅकअप बाहेर जावा आणि शॉपमधल्या मोबाईलवर पान उघडावं.

पहिल्या दोन गोष्टी काहीच न करता झाल्या. व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवीन मशीन (म्हणजे तो आतला आभासी कॉम्प्युटर) बनवलं की नेटवर्क आपोआप 'नॅट'वर असतं. आतल्या उबुंटूला १०.०.२.१५ पत्ता मिळतो, १०.०.२.२ हा गेटवे, म्हणजे बाहेर जायचं दार, की झालं. हा प्रकार पोटभाडेकरूसारखा आहे. त्याचं टपाल घरमालकाच्या पत्त्यावरून बाहेर जातं आणि राऊटरला त्याचा पत्ताच नसतो. पण मग मोबाईलवाला त्याला शोधणार कसा?

इथं मी शहाणपणा केला आणि 'ब्रिज्ड' निवडलं. कागदावर ते झकास. उबुंटूला राऊटरकडून स्वतःचा पत्ता मिळतो, कुणीही थेट गाठावं. पण आमचा लॅपटॉप वायफायवर. वायफायचा राऊटर एका जोडणीमागे एकच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची ओळख) मानतो, त्यामुळे आतल्या मशीनची माहितीची पाकिटं व्हर्च्युअलबॉक्सला लॅपटॉपच्या मॅकनं पाठवावी लागतात. ही कसरत कधी जमते, कधी नाही. आमच्याकडे सकाळी पत्ता मिळायचा आणि दुपारी लाईट जाऊन राऊटर परत चालू झाला की गायब. लेथवरचे मामा मोबाईल नाचवत ऑफिसात यायचे, "काय रं, तुझं पान झोपलं काय?"

त्यात जुलैचा पाऊस. फायबर तुटलं, तीन दिवस मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काढले. ब्रिज केलेल्या मशीनला हॉटस्पॉटवर पत्ता मिळेचना आणि बॅकअप तीन रात्री गेलाच नाही. त्या आठवड्यात मी परत नॅटवर आलो. नॅटचा खरा फायदा तेव्हा कळला: लॅपटॉपला नेट कुठूनही येऊ दे, आतल्या मशीनला त्याच्याशी देणंघेणं नाही.

मोबाईलसाठी मग पोर्ट फॉरवर्डिंग लावलं, म्हणजे लॅपटॉपच्या एका पोर्टवर (दारावर) आलेली विनंती आतल्या मशीनच्या पोर्टवर पाठवायची सोय. लॅपटॉपचं ८०८० पोर्ट आतल्या ८० वर. पहिल्या दिवशी लॅपटॉपवर पान उघडलं, मोबाईलवर नाही. तासभर डोकं खाजवलं. होस्ट आयपीच्या रकान्यात मी १२७.०.०.१ टाकलं होतं, म्हणजे दार फक्त लॅपटॉपसाठीच उघडं. रकाना रिकामा ठेवला, विंडोज फायरवॉलमध्ये ८०८० ला वाट दिली आणि राऊटरमध्ये लॅपटॉपचा पत्ता पक्का केला. तेव्हापासून मामांची तक्रार नाही. निदान पानाबद्दल तरी नाही.

नॅटचा एक वैताग मात्र आहे. फॉरवर्ड होऊन येणारी प्रत्येक विनंती उबुंटूला १०.०.२.२ वरूनच आलेली दिसते. नोव्हेंबरमध्ये एक चलन कुणीतरी चुकून खोडलं. लॉग, म्हणजे कोण कुठून आलं याची नोंद, उघडला तर पानभर एकच पत्ता, सगळे मोबाईल सारखेच. शेवटी पानावर प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्यावं लागलं.

नेट बंद पडल्यासारखं वाटतं, पण कारण वेगळंच असतं, असं दोनदा झालं. एकदा नेटवर्क बदलल्यावर ८.८.८.८ या गूगलच्या पत्त्याला पिंग (जोडणी तपासायची हाक) जात होतं, पण नावानं एकही साईट उघडेना. नॅट आतल्या मशीनला लॅपटॉपचेच डीएनएस सर्व्हर (साईटच्या नावावरून पत्ता शोधून देणारे) देतं आणि उबुंटू जुनेच धरून बसलं होतं. मशीन बंद करून व्हर्च्युअलबॉक्सच्या व्हीबॉक्समॅनेज कमांडनं डीएनएस प्रॉक्सी चालू केली, म्हणजे नावांची चौकशी व्हर्च्युअलबॉक्सच पुढे पाठवतं, तो त्रास संपला. दुसऱ्यांदा दिवाळीच्या सुट्टीनंतर. मशीन 'सेव्ह स्टेट' करून, म्हणजे आहे त्या स्थितीत गोठवून, गेलो होतो, परत आल्यावर अपडेट चालेना. घड्याळ सुट्टीआधीच्याच तारखेवर होतं, म्हणून उबुंटूला सर्व्हरवरची यादी भविष्यातली वाटत होती. वेळ दुरुस्त केली, काम झालं. आता सुट्टीला जाताना मशीन सरळ बंद करतो.

जानेवारीत लॅनची वायर ओढून मिळाली. तेव्हा चाचणीसाठी मशीनची एक कॉपी केली आणि दोन्ही ब्रिजवर टाकून बघितली. वायरवर ब्रिज खरंच मुकाट चालतो. पण दोन्ही मशीनना एकच आयपी! कॉपी करताना नवीन मॅक दिला होता, तरीही. उबुंटू पत्ता मागताना मॅक नाही, मशीन-आयडी फाईलवरून बनवलेली ओळख पाठवतं आणि ती फाईल कॉपीत जशीच्या तशी आली होती. कॉपीतली फाईल रिकामी करून मशीन परत चालू केलं, तेव्हा दुसरा पत्ता मिळाला. यात माझा एक रविवार गेला.

वायर आली तरी मूळ मशीन मी नॅटवरच ठेवलंय. मार्च एंड तोंडावर आहे, मालक अधूनमधून लॅपटॉप उचलून घरी नेतात, आणि बॅकअप तिथूनही जातो. ब्रिज लावायचा तर लॅपटॉप टेबलाला बांधावा लागेल, हे त्यांना सांगितलं. त्यांनी विषय बदलला.