पॅटर्न 99 पाती: सात महिन्यांनंतर

फिगर स्केटिंगच्या बुटांना सहा वर्षं कोरोनेशन एस पाती वापरल्यावर सात महिन्यांपूर्वी पॅटर्न 99 घेतली. दोन्ही इंग्लंडमधल्या शेफील्डच्या जॉन विल्सन कंपनीचीच. जुन्या पात्यांच्या तळाशी क्रोम नसलेली जी पट्टी असते, ती धार लावून लावून जवळजवळ संपली होती. त्या पट्टीच्या वर धार टिकत नाही, म्हणजे पातं बदलायचंच होतं. बूट तेच ठेवले. आठवड्यात चार दिवस, रोज साधारण तासभर बर्फावर, उड्या अजून सगळ्या एकेरीच, म्हणजे हवेत एकच गिरकी. हे आधी सांगते, कारण दुहेरी-तिहेरी उड्या मारणाऱ्यांचा हिशोब वेगळा असणार.

कागदावर मुख्य फरक दोन. पातं टाचेपासून बोटांपर्यंत किंचित कमानदार असतं, त्या लांबीच्या कमानीची त्रिज्या एसची 7 फूट, हिची 8 फूट. आणि पात्याच्या पुढच्या टोकाला असलेल्या दात्यांची कापणी एसची आडवी-उभी जाळीदार, हिची सरळ. आकडा वाढला म्हणजे पातं जास्त सपाट, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. मी पहिल्यांदा उलटंच समजले होते!

पहिला आठवडा मी दात्यांवर आपटण्यात घालवला. क्रॉसओव्हर, म्हणजे वळणावर एक पाय दुसऱ्यावरून टाकत जाणं, करताना मागचा पाय उचलायच्या क्षणी खालचा मोठा दाता बर्फात अडकायचा आणि मी पुढे. दोनदा तोंडावरच पडायची होते, हात मध्ये आले म्हणून वाचले. पात्याचा यात काही दोष नाही. मी पाय पंजाने ढकलून उचलत होते, आणि जुन्या पात्यावर ते खपून जात होतं, एवढंच. घोटा सैल ठेवून पात्याच्या कडेने ढकलायला लागले तसं अडकणं थांबलं.

स्पिनला मात्र पाच आठवडे गेले. साधा उभा स्पिन, जो मी झोपेतसुद्धा करेन असं मला वाटायचं, तो तिसऱ्या फेरीत खर्रर्र करून थांबायचा. दाता हलका घासला तर चालतं. इथे तो नांगरासारखा ओढला जात होता आणि बुटापुढे बर्फाचा चुरा साठत होता. एक दिवस कोचनी मला बर्फावर वाकून माझीच खूण पाहायला लावली. नीट जमलेल्या स्पिनची खूण म्हणजे एकमेकांवर बसलेली बारीक वर्तुळं. माझ्या वर्तुळांच्या कडेने दात्याचा जाड ओरखडा गेला होता. म्हणजे वजन बोटांवर होतं. दात्यांच्या जरा मागे, चवड्याखाली जी जागा आहे, तिथे बोटभर मागे यायचं, बस. ते ‘बस’ म्हणायला सोपं आहे. मी आधी उभं राहून नुसतं वळायचा सराव केला, मग हळूहळू वेग वाढवला. आता फेऱ्या जुन्या पात्यापेक्षा जास्त होतात आणि जागा कमी सरकते.

फायदा खरा कुठे, तर टो लूप, फ्लिप आणि लुट्झ या दाता मारून घ्यायच्या उड्यांमध्ये. दाता खच्चकन रुततो आणि तिथेच राहतो. पूर्वी फ्लिपला मारलेला दाता बर्फावरून किंचित सरकायचा आणि उडीची उंची तिथेच जायची. उतरताना सपाट कमानीमुळे पायाखाली जास्त लांबीचं पातं असतं, त्यामुळे मागच्या बाहेरच्या धारेवरचा तोल लवकर सापडतो. उलट बाजूही आहे. थ्री टर्न आणि ब्रॅकेट ही एका पायावरची वळणं थोडी जड झाली, वळताना पात्याच्या पुढच्या भागावर जास्त ठामपणे यावं लागतं. नुसती पावलांची कामं करणाऱ्याला हे पातं आवडेलच असं नाही.

बसवण्याबद्दल घाई करू नका. आम्ही आधी फक्त लांबट भोकांत स्क्रू घातले आणि दोन आठवडे चालवलं. डावा पाय सरळ घसरताना सारखा आतल्या धारेवर पडत होता. टाचेकडचं पातं दोन मिलिमीटर सरकवलं आणि तो सरळ जाऊ लागला. मगच बाकीची भोकं पाडली.

मनस्ताप झाला तो धारेचा. पात्याच्या तळाला दोन धारांच्या मध्ये लांबट खोबण असते. पाती नवीन असताना अर्धा इंच त्रिज्येच्या खोबणीची धार उत्तम होती. तीसेक तासांनी दुसऱ्या कुणाकडे लावून घेतली आणि उजव्या पायाची बाहेरची धार अचानक गायब. आठवडाभर मी स्वतःलाच दोष दिला. मग बूट उलटा मांडीवर धरून पात्यावर एक सरळ पट्टी आडवी ठेवली. ती पात्याला काटकोनात बसायच्या ऐवजी एका बाजूला कलली, म्हणजे आतली धार उंच आणि बाहेरची खाली. वर त्यांनी मोठ्या दात्याचं टोकही किंचित खाल्लं होतं, आणि ते परत येत नाही. तेव्हापासून धार लावली की आधी पट्टी ठेवून बघते, मगच बर्फावर उतरते, आणि दात्याला धारेचं चाक लावायचं नाही हे आधी बजावते.

गंज मात्र पूर्ण माझी चूक. एका रात्री प्लॅस्टिकची कडक कव्हरं घालूनच पिशवीत टाकली. सकाळी तळाशी नारिंगी ठिपके. ती कव्हरं फक्त रिंकबाहेर चालण्यापुरती असतात. घरी स्क्रूंच्या आसपाससुद्धा कोरडं पुसायचं आणि कापडी मऊ कव्हर घालायचं.

गेल्या महिन्यात पात्याखालचा एक स्क्रू सैल झाला, म्हणून एक दिवस मैत्रिणीचे बूट घातले, तिच्याकडे अजून एसच आहे. पहिल्याच थ्री टर्नला पाय इतका सहज फिरला की हसू आलं. मग फ्लिपला दाता मारला, तो सरकला, आणि मी बसले ती थेट बर्फावरच.