कोबाल्ट-तांब्याचे थर: सपाट फिल्म करावी की नॅनोतारा?

शिवाजी विद्यापीठात पातळ थरांवरच्या कामाची परंपरा जुनी असल्याने कोल्हापुरातल्या विद्यार्थ्याला विद्युत निक्षेपण, म्हणजे द्रावणातून वीज वापरून धातूचा थर चढवणे, नवे नसते. अडचण पुढच्या टप्प्यावर येते. एकाच बाथमधून (द्रावणातून) कोबाल्ट आणि तांब्याचे नॅनोमीटर जाडीचे एकाआड एक थर चढवायचे, एवढे ठरल्यावर ते सपाट सबस्ट्रेटवर (आधारावर) फिल्म म्हणून चढवायचे की साच्याच्या छिद्रांत नॅनोतारा म्हणून, हे ठरत नाही. कोणती रचना अधिक आधुनिक दिसते यापेक्षा रोध मोजताना प्रवाह थरांच्या कोणत्या दिशेने न्यायचा आहे, यावरून हा निर्णय घ्यावा, असे माझे मत आहे.

रसायन दोन्हीकडे एकच. तांब्याचे प्रमाण विभव (स्टँडर्ड पोटेन्शियल) +०.३४ व्होल्ट आणि कोबाल्टचे −०.२८ व्होल्ट असल्यामुळे तांबे आधी बसते. म्हणून बाथमध्ये कोबाल्ट सल्फेट भरपूर आणि कॉपर सल्फेट अगदी थोडे ठेवतात. कॅलोमेल इलेक्ट्रोडच्या (विभव मोजण्याच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या) सापेक्ष −०.६ व्होल्टच्या आसपास केवळ तांबे बसते, आणि −१.२ च्या पलीकडे गेल्यावर कोबाल्ट वेगाने बसतो व त्यात विसरणाच्या (डिफ्यूजनच्या) वेगाने येणारे थोडे तांबे मिसळते. तांब्याच्या टप्प्यात विभव गरजेपेक्षा धन ठेवले, तर नुकताच बसलेला कोबाल्ट परत विरघळतो. थरांची संख्या बरोबर राहते, पण जाडीचा हिशेब खोटा पडतो. विभव बदलताच प्रवाह क्षणभर धन बाजूला जाणे स्वाभाविक आहे. तो तिथेच रेंगाळू लागला, तर कोबाल्ट जातो आहे असे समजावे.

फिल्मची मोठी सोय म्हणजे क्षेत्रफळ ठाऊक असते. फॅरडेच्या नियमानुसार दर चौरस सेंटिमीटरला तांब्याच्या एका नॅनोमीटरसाठी सुमारे २.७ मिलिकूलोम आणि कोबाल्टच्या एका नॅनोमीटरसाठी सुमारे २.९ मिलिकूलोम विद्युतभार लागतो. कोबाल्टच्या वेळी हायड्रोजन सुटतो तेवढी तूट धरली की जाडीचा अंदाज बसतो. तांब्याचा प्रवाह ०.५ आणि कोबाल्टचा २० मिलिॲम्पिअर प्रति चौरस सेंटिमीटर धरला, तर तांब्याच्या ५ नॅनोमीटर थराला साधारण २७ सेकंद लागतात आणि तितक्याच कोबाल्टला पाऊण सेकंदही लागत नाही. म्हणजे शंभर जोड्यांची, एक मायक्रोमीटर जाडीची फिल्म पाऊण तासात हातात येते.

खरी गैरसोय सबस्ट्रेटची आहे. आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा स्टीलचा पत्रा इथे चालत नाही. एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर एक मायक्रोमीटरची फिल्म ठेवून रोध मोजला, तर प्रवाहाचा जेमतेम दीड टक्का फिल्ममधून जातो आणि आपण स्टील मोजत बसतो. एफटीओ काच (वाहक ऑक्साइडचा लेप दिलेली काच) प्रवाह चोरत नाही, पण तिचा खडबडीतपणा थरांच्या जाडीहून मोठा असतो आणि थर लाटांसारखे बसतात. क्रोमियम व तांब्याचा पातळ बीजथर (निक्षेपण सुरू होण्यासाठीचा वाहक थर) दिलेला सिलिकॉन वेफर त्यातल्या त्यात योग्य.

नॅनोतारांसाठी ॲनोडाइज्ड ॲल्युमिनाचा (विजेने तयार केलेल्या सच्छिद्र ॲल्युमिनियम ऑक्साइडचा) किंवा पॉलिकार्बोनेटचा साचा लागतो. त्याच्या एका बाजूला सोने चढवून तीच कॅथोड करतात. ऑक्झॅलिक आम्लात ४० व्होल्टवर ॲल्युमिना आपल्याच प्रयोगशाळेत केला, तर छिद्रे सुमारे १०० नॅनोमीटर अंतरावर येतात. मात्र बाथ थंड ठेवावा लागतो, आणि मे महिन्यात कोल्हापुरात बर्फाशिवाय ते जमत नाही. छिद्रांत तांब्याचे आयन खोलवर पोहोचायला वेळ लागतो, सगळी छिद्रे सारख्या वेगाने भरत नाहीत, आणि प्रत्यक्ष क्षेत्रफळाचा अंदाजच करावा लागतो. वरचेच आकडे धरले, तरी १० मायक्रोमीटरच्या तारेला एक हजार जोड्या, म्हणजे जवळजवळ आठ तास लागतात. आमचा एक प्रयोग सहाव्या तासाला वीज गेल्याने थांबला. बाथमध्ये उघडा पडलेला कोबाल्ट तेवढ्यात विरघळू लागला आणि साचा फेकून द्यावा लागला. तेव्हापासून पोटेन्शिओस्टॅट (विभव स्थिर ठेवणारे उपकरण) आणि संगणक दोन्ही यूपीएसवर असल्याशिवाय मी तारेचे काम सुरू करू देत नाही.

तरीही एका बाबतीत तार फिल्मला मागे टाकते. १९८८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फर्ट आणि ग्रुनबर्ग यांच्या गटांना सापडलेला, २००७ चे नोबेल मिळवून देणारा प्रचंड चुंबकरोध, म्हणजे चुंबकीय क्षेत्रामुळे रोधात होणारा मोठा बदल, विद्युत निक्षेपित फिल्ममध्ये १९९३ मध्ये आणि लगेच १९९४ मध्ये नॅनोतारांत दिसला. फिल्ममध्ये प्रवाह थरांच्या पातळीत वाहतो, तर तारेत तो प्रत्येक थर ओलांडतो. त्यामुळे इलेक्ट्रॉनच्या स्पिनचे (त्याच्या अंगभूत चुंबकीय गुणाचे) वर्तन तारेत अधिक सरळपणे वाचता येते. फिल्ममध्येही प्रवाह थर ओलांडून नेता येणार नाही का? तत्त्वतः येईल. पण एक चौरस मिलिमीटर फिल्मचा तो रोध ओहमच्या कोट्यंशांत येतो. १०० नॅनोमीटर व्यासाच्या, १० मायक्रोमीटर लांबीच्या एका तारेचा रोध मात्र साठेक ओहम असतो आणि तो साध्या उपकरणाने मोजता येतो. करायला अवघड असलेली वस्तू मोजायला सोपी निघते ती अशी.

चुंबकीय वर्तनातही फरक आहे. फिल्म सहसा स्वतःच्या पातळीत चुंबकित होते. तारेत कोबाल्टचा थर तबकडीसारखा पातळ की दांड्यासारखा लांब, यावरून सोपी दिशा (ज्या दिशेने तो सहज चुंबकित होतो ती) बदलते, आणि हा बदल पाहणे हाच एक चांगला विषय होऊ शकतो. कठीणपणा किंवा झीज तपासायची असेल, तर तारांचा विचारच करू नये. १९२१ मध्ये संशोधक ब्लम यांनी दोन बाथ वापरून केलेल्या तांबे-निकेल थरांपासून यांत्रिक गुणधर्मांचे काम फिल्मवरच होत आले आहे. उद्यमनगरातल्या एखाद्या प्लेटिंगवाल्यालाही त्यात रस वाटू शकेल.

एम.एस्सी.च्या एका सत्रासाठी मी फिल्मच सुचवेन. पीएच.डी.साठी नोंदणी केलेल्याने, चुंबकरोध हाच विषय असेल, तर तारा निवडाव्यात. पण पहिले दोन महिने त्याच बाथमधून फिल्म करून विभव पक्के करून घ्यावेत, कारण छिद्राच्या आत चुकीचे काय घडले ते टीईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) तार पाहीपर्यंत कळत नाही.