यू-बूट की छोटं लिनक्स? मर्यादित फर्मवेअरवर दुसरा बूटलोडर बसवताना

काही उपकरणांच्या फर्मवेअरला (उपकरणातच बसवलेल्या, सर्वात आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरला) एकच काम येतं: ठरलेल्या जागेवरून कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, उचलायचा आणि चालवायचा. मेनू नाही, यूएसबीवरून बूट नाही. मग कर्नलच्या जागी आपलाच बूटलोडर, म्हणजे पुढची सिस्टीम निवडून सुरू करणारा प्रोग्रॅम, बसवायचा: एकतर यू-बूट हा तयार बूटलोडर, नाहीतर तेच काम करणारं छोटं लिनक्स. फर्मवेअर कर्नलची डिजिटल सही तपासत असेल आणि ती तपासणी बंद होत नसेल, तर मात्र विषयच संपला.

यू-बूट आटोपशीर, बहुतेकदा एक एमबीच्या आत मावणारा. रास्पबेरी पायवर तो कर्नल म्हणून फॅट पार्टिशनवर ठेवला की फर्मवेअर निमूटपणे चालवतं. फसलेल्या अपडेटमधून मागे फिरण्याची सोयही त्यात आहे, फक्त बिल्ड करताना ती चालू करावी लागते: दर बूटला बूटकाउंट वाढतो, बूटलिमिट ओलांडली की ऑल्टबूटसीएमडीमध्ये लिहिलेली पर्यायी कमांड चालते. नीट सुरू झालेल्या सिस्टीमने काउंट पुन्हा शून्यावर आणायचा. घोडं अडतं ते ड्रायव्हरवर. स्क्रीन किंवा स्टोरेज कंट्रोलर जरा वेगळा असेल, तर लिनक्समध्ये चालणारा ड्रायव्हर यू-बूटसाठी नव्याने लिहावा लागतो.

छोट्या लिनक्सला ही अडचण नाही. मोजके ड्रायव्हर, इनिटरॅमएफएसमध्ये (कर्नलसोबत मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइलसिस्टीममध्ये) बिझीबॉक्स हा नेहमीच्या कमांडचा आटोपशीर संच आणि चालू कर्नलमधून थेट निवडलेल्या कर्नलवर उडी मारायला केएक्सेक, जो 2005 पासून, म्हणजे 2.6.13 पासून मुख्य कर्नलमध्ये आहे. प्लेस्टेशन 3 वर पेटिटबूट हा बूटलोडर असाच चालायचा. एनक्रिप्टेड डिस्क, नेटवर्क, बीटीआरएफएस फाइलसिस्टीम, सगळं हाताशी. मेनू साध्या शेल स्क्रिप्टमध्ये लिहिता येतो. बदल्यात काही एमबी जागा आणि दोनदा कर्नल सुरू होण्याचा वेळ द्यावा लागतो.

खरा धोका उडी मारताना असतो. पहिल्या कर्नलच्या ड्रायव्हरने हार्डवेअर नीट बंद केलं नाही, तर चालू राहिलेला डीएमए (हार्डवेअरने प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत लिहिणं-वाचणं) नव्या कर्नलच्या मेमरीवर लिहू शकतो, किंवा स्क्रीन काळी पडते. वॉचडॉग (वेळेत प्रतिसाद मिळाला नाही तर मशीन रिसेट करणारा टायमर) चालू असेल तर नव्या कर्नलने तो वेळेत हाती घेतला पाहिजे, नाहीतर अर्ध्यातच रिसेट. म्हणून पहिल्या कर्नलमध्ये मेनूला लागतील तेवढेच ड्रायव्हर ठेवा.

कर्नलसाठीची जागाच तुटपुंजी असेल किंवा झटपट बूट हवं असेल, तर यू-बूट घ्या. बाकी ठिकाणी माझा कौल छोट्या लिनक्सला, कारण ड्रायव्हर दोनदा लिहिण्यात आयुष्य घालवू नये. फक्त मेनूला हात लावण्याआधी, चालू सिस्टीममधूनच हाताने केएक्सेक करून पाहा. उडीनंतर स्क्रीन, यूएसबी आणि स्टोरेज जागे झाले, तरच पुढचं लिहायला घ्या.