आठ महिने वापरल्यावर: जुना वजनकाटा, विंडोज ११ आणि यूएसबी-सिरीयल केबल

काट्याच्या इंडिकेटरला (वजन दाखवणाऱ्या डबीला) नऊ पिनांचा आरएस-२३२, म्हणजे जुना सिरीयल पोर्ट, लॅपटॉपला फक्त यूएसबी. मधे एफटी२३२आर चिपची केबल. वजन थेट बिलात उतरतं, केबलबद्दल तक्रार नाही. पण लावली आणि चालली, असं होत नाही.

घरात पीएल२३०३ एचएक्सए चिपची जुनी केबल असेल तर तिच्यावर वेळ घालवू नका. ती चिप २०१२ पासून बंद आहे आणि नवा ड्रायव्हर तिला मुद्दाम नाकारतो. केबल धडधाकट असूनही डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसतो.

नवी केबल आली की काट्याला लावण्याआधी तिच्या पिन २ आणि ३ एकमेकींना टेकवा (स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पुरतं) आणि पुट्टीत (सिरीयल पोर्टशी बोलणारा प्रोग्रॅम) टाइप करा. अक्षरं उमटली तर केबल, ड्रायव्हर दोन्ही ठीक. मग मल्टिमीटर घ्या. इंडिकेटरच्या पिन ५ च्या तुलनेत ज्या पिनवर उणे ५ ते १२ व्होल्ट येतात, ती त्याची डेटा पाठवणारी पिन. ती २ असेल तर सरळ जोडणी. ३ असेल तर मधे नल-मोडेम (२ आणि ३ ची अदलाबदल करणारा जोड) हवा, कारण केबलही ३ वरूनच पाठवते.

सगळ्यात फसवा दोष पॅरिटीचा, म्हणजे प्रत्येक अक्षरासोबत चूक पकडायला जाणाऱ्या जादा बिटचा. काटा ७ बिट-इव्हनवर आणि सॉफ्टवेअर ८ बिट-नो पॅरिटीवर असेल, तर ०, ३, ५, ६, ९ नीट दिसतात आणि १, २, ४, ७, ८ च्या जागी कचरा येतो. लोक बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) बदलत बसतात. तो चुकला असता तर सगळेच आकडे बिघडले असते.

माउसचा बाण आपोआप उड्या मारतोय? व्हायरस नाही. सतत वजन पाठवणाऱ्या काट्याला विंडोज सिरीयल माउस समजतं. पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये सिरीयल एन्युमरेटरची खूण काढा, केबल काढून परत लावा. तिथेच कॉम नंबरही (विंडोजने पोर्टला दिलेला क्रमांक) बदलता येतो. जुनी बिलिंग सॉफ्टवेअरं बऱ्याचदा कॉम ४ च्या पुढे बघतच नाहीत. लेटन्सी टायमर (केबल डेटा लॅपटॉपकडे ढकलण्याआधी किती थांबते ते) १६ मिलिसेकंदच राहू द्या, काट्याला तेवढा पुरतो.

एक त्रास मात्र राहिलाय: सॉफ्टवेअर चालू असताना लॅपटॉप स्लीपमध्ये गेला की पोर्ट अडकतो. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडावं लागतं. म्हणून दुकानाच्या वेळेत स्लीप बंदच.