पोफळीएवढी मी आणि क्रूझर बाईक: मेटिऑर ३५०, दोन पावसाळ्यांनंतर

माझी उंची पाच फूट अकरा इंच. गुहागरची आत्या अजून म्हणते, पोफळीसारखी वाढल्येस गो, जरा वाकून ये, चौकट लागेल. एसटीत गुडघे पुढच्या सीटला टेकतात, स्कूटरवर हँडल वळवलं की गुडघ्यात अडकतं, त्यामुळे पहिल्यापासून गियरची बाईकच चालवत आले. कॉलेजात असताना बाबांची जुनी १०० सीसी होती, आता रत्नागिरीहून दर पंधरा दिवसांनी गुहागरला जाणं असतं म्हणून जरा ऐसपैस बसता येईल अशी काहीतरी हवी होती. सगळ्यांनी एकच सांगितलं, क्रूझर घे, म्हणजे ऐसपैस बसून लांब जायची बाईक, सीट खाली असते, बायकांना बरी पडते.

इथेच गोची आहे.

शोरूममध्ये गेले (कुठलं ते जाऊदे), सोबत भाऊ होता ज्याला गियरची गाडी येत नाही, आणि तिथला मुलगा सगळी माहिती भावालाच सांगतोय. मायलेज त्याला, ईएमआय त्याला. माझ्याकडे बघून फक्त एवढंच, मॅडम ही बघा, लेडीजना एकदम सोयीची, दोन्ही पाय जमिनीला टेकतात. मी बसले आणि म्हटलं, हो ना, आणखी थोडं खाली गेलं तर गुडघेपण टेकतील. भाऊ फिसकन हसला, तो मुलगा नाही हसला.

तर मुद्दा असा की सीटची उंची सगळे जमिनीपासून मोजतात. पण गाडी चालवताना पाय जमिनीवर असतात का? ते फूटपेगवर असतात, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवर. म्हणजे उंच माणसाने बघायचं ते सीटपासून फूटपेगपर्यंतचं अंतर, आणि ते कुठल्याच ब्रोशरमध्ये छापत नाहीत. सीट खाली आणि पेग मधे असला की गुडघे पोटाकडे येतात, अर्ध्या तासात मांड्या भरून येतात. मग पेग पुढे असलेली गाडी घ्यावी तर पाय मस्त लांब होतात पण सगळा भार जातो माकडहाडावर, आणि खड्डा आला की पेगवर जोर देऊन बूड उचलताच येत नाही, तो खड्डा थेट कण्यात जातो. गुळगुळीत रस्त्यावर ही बसायची पद्धत भारीच आहे, पण आपल्या सागरी मार्गावर गुळगुळीत रस्ता म्हणजे दोन वळणांच्या मधला तुकडा.

बऱ्याच गाड्यांवर बसून बघितलं. बजाजच्या ॲव्हेंजर २२० ची सीट ७३७ मिमी, पाय पुढे, वजन १६३ किलो म्हणजे ढकलायला सगळ्यात हलकी, पण पाय पुढे म्हणजे वरची माकडहाडाची गोष्ट आलीच. रॉयल एनफिल्डच्या सुपर मेटिऑर ६५० वर बसल्यावर मात्र मला सोफ्यावर बसल्यासारखं वाटलं, खरंच, सीट ७४० असूनही पाय पुढे जात असल्याने गुडघ्यांना जागा आहे आणि गाडीच लांब आहे. पण वजन २४१ किलो आणि खालून जमिनीपासून अंतर १३५ मिमी. आमच्या घराकडे यायला शेवटचा उतार जांभ्याचा आहे, पाखाडी (पायऱ्यांची वाट) फोडून केलेला, पावसात त्यावर शेवाळ. तिथे २४१ किलो मागे ओढत वळवायचं म्हणजे रोज शेजाऱ्यांना हाक. कावासाकीच्या व्हल्कन एसला पेग मागेपुढे तीन जागी बसवता येतात, हे कुणीतरी डोकं लावून केलंय, बाकीच्यांनी का करू नये कळत नाही, पण ती आपल्या खिशातली गाडी नव्हे.

शेवटी घेतली रॉयल एनफिल्डचीच मेटिऑर ३५०, २०२२ चं मॉडेल, सेकंडहँड. इंजिन ३४९ सीसी, ताकद २० बीएचपीच्या आसपास, वजन १९१, सीट ७६५, खालचं अंतर १७०. म्हणजे सगळंच मधलं. पेग थोडेसेच पुढे आहेत, इतकेच की आरे-वारेच्या चढावर खडबडीत तुकडा आला तर मी पेगवर जोर देऊन अर्धी उठू शकते. मुद्दाम तिच्यातली फायरबॉल व्हर्जन शोधली कारण तिच्यात काळं जास्त आणि क्रोम कमी, आणि समुद्राजवळ राहणाऱ्याला क्रोमचं काय होतं ते सांगायला नको. आमच्याकडे गेटच्या कडीला गंज चढतो तिथे सायलेन्सर कोण चमकवत बसणार.

पहिले तीन महिने मी स्वतःलाच सांगत होते की सवय होईल. नाही झाली. रत्नागिरी ते गणपतीपुळे साधारण पंचवीस किलोमीटर, तिथपर्यंत बरं, जयगडला पोचेपर्यंत उजवा गुडघा बोलायला लागायचा. आणि खरा तमाशा जयगडच्या फेरीबोटीवर. पलीकडे गुहागरच्या बाजूला तवसाळला जाणारी बोट लागली की आधी चारचाक्या आत, मग आपण उरलेल्या फटीत. लोखंडी रॅम्प ओला, वर वाळू, आणि आत गेल्या गेल्या हँडल पूर्ण वळवून गाडी कडेला लावायची. एकदा हँडल फुल लॉक केलं आणि मूठ थेट माझ्या गुडघ्यावर आली, मूठ आणि टाकीच्या मधे पाय अडकला, ना हँडल सरळ होतंय ना पाय निघतोय, मागे इनोव्हावाला हॉर्न देतोय. बोटीवरचा काका शांतपणे म्हणाला, बाय, पाय बाहेर काढ आधी, मग गाडी. पडले नाही हे माझ्या पायांच्या लांबीमुळेच, दोन्ही तळवे पूर्ण टेकलेले होते. तेवढा एक फायदा आहे, गाडी बसल्या बसल्या मागे ढकलता येते, बाकीच्यांना उतरावं लागतं.

मग गेले गादीवाल्याकडे. आमच्या बाजारात रिक्षाच्या सीटा शिवणारे एक चाचा आहेत, त्यांना सांगितलं दीड इंच वर घ्यायचीय. ते म्हणाले आजवर सगळे सीट कापायला येतात, वाढवायला तूच पहिली. मला गाडीवर बसवलं, पाय पेगवर ठेवायला लावले, आणि मांडी सीटला जिथे लागते तिथे दोन्ही बाजूंनी खडूने खूण केली. ब्रोशरवाल्यांना जे जमलं नाही ते चाचांनी खडूच्या तुकड्याने केलं. खाली कडक रिबॉन्ड फोम (तुकडे दाबून केलेला), वर मऊ फोम, हॅक्सॉच्या पानाने कापून मग ग्राइंडरने घासून गोल केलं. पुढचा भाग मुद्दाम अरुंद ठेवला, म्हणाले नायतर पाय फाकतील आणि उंची असून पण टाचा उचलाव्या लागतील. रेक्झिनच्या खाली जाड प्लॅस्टिक घातलं, कारण पाणी शिवणीतूनच आत जातं आणि एकदा फोमने पाणी प्यायलं की आठवडाभर ओल्या स्पंजवर बसायचं. अठराशे रुपये घेतले.

पहिल्यांदा उतार चुकला हे पण सांगते. सीट पुढे कललेली झाली, ब्रेक मारला की मी घसरत टाकीवर, परत मागे सरका, परत घसरा. गणपतीपुळ्याहूनच परत फिरले. चाचांनी काही न बोलता सीट उघडली, पुढे अर्धा इंच भर घातली, जास्तीचे पैसे नाही घेतले. तेव्हापासून गुडघा गप्प आहे आणि बोटीवर मूठ पायाला लागत नाही, बोटभर फट राहते.

भावाने लगेच हिशोब केला, ७६५ अधिक दीड इंच म्हणजे जवळजवळ क्लासिक ३५० च्या ८०५ एवढीच झाली की, मग क्लासिकच घ्यायची होतीस. मी म्हटलं, तसं नाही, एक तर पेगची जागा वेगळी आहे, आणि टाकी क्लासिकची १३ लिटरची, हिची १५. मला ३४-३५ चं ॲव्हरेज पडतं, गुहागरला जाऊन येऊन पंपाकडे बघावं पण लागत नाही. पण खोटं कशाला बोलू, त्याच्या बोलण्यात थोडा दम आहे. तुम्ही पाच दहाच्या वर असाल आणि सीटच्या भानगडीत पडायचं नसेल तर क्लासिक किंवा होंडाची हायनेस, तिची सीट ८०० आहे, आधी चालवून बघा. टेस्ट राइड मात्र शोरूमच्या गल्लीत घेऊ नका. निदान अर्धा तास, एखादा खड्ड्याचा रस्ता, आणि एकदा गाडी उभी करून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, गुडघा कुठे येतो ते बघा.

गियरचं एक. हिला टाच आणि पंजा दोन्हीने पडणारा लिव्हर आहे आणि माझा बूट ९ नंबर, पावसाळ्यात गमबूट घातला की पाय मधे अडकायचा. मेकॅनिकने लिव्हर एक दाता वर बसवून दिला, पाच मिनिटांचं काम. ९ नंबरचे लेडीज रायडिंग बूट मिळतात का हे मात्र विचारू नका, मी पुरुषांचेच घालते, जॅकेटपण पुरुषांचंच, खांद्यात ढगळ पण निदान मनगट झाकतं.

बोटीवरून आलं की गोड्या पाण्याने धुणं आणि चेनला तेल हे रोजच्या देवपूजेसारखं करते. मूळ सीट तशीच ठेवलीय, चाचांनी काम केलं ते भंगारवाल्याकडून आणलेल्या दुसऱ्या सीटवर. हे तुम्हीपण करा, कारण आमच्या आत्तेबहिणीला, उंची पाच फूट दोन, गेल्या महिन्यात गाडी हवी होती तर दोन बोल्ट काढून जुनी सीट लावून दिली. ती वेळणेश्वरला जाऊन आली आणि म्हणते, किती आरामशीर आहे गं, तुला काय त्रास होता?