टॉवेल, तांब्या आणि लहान ताटल्या : सोलापुरातील एका लॉजविषयी

घरातील लग्नासाठी आलेल्या बाहेरगावच्या पाहुण्यांची उतरण्याची सोय आम्ही सोलापूर रेल्वे स्थानकाजवळच्या एका लॉजवर केली होती. हे लॉज स्वतःला पर्यावरणस्नेही म्हणवते. खोल्या स्वच्छ आहेत आणि दर आसपासच्या लॉजांइतकेच आहेत. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. पाहुण्यांनी पाणी, वीज आणि अन्न जपून वापरावे म्हणून येथे ज्या व्यवस्था केल्या आहेत, त्यांतील काही माणसाचा स्वभाव ओळखून केलेल्या आहेत, तर काही पाटीपुरत्याच राहिल्या आहेत. हा अभिप्राय त्यांच्याविषयी आहे.

सर्वांत उत्तम व्यवस्था पिण्याच्या पाण्याची आहे. खोलीत बाटलीबंद पाणी ठेवलेले नसते. स्टीलचा तांब्या आणि पेले असतात, आणि प्रत्येक मजल्याच्या व्हरांड्यात शुद्धीकरण यंत्र असून त्याची जाळी कधी बदलली याची तारीख शेजारच्या तक्त्यावर लिहिलेली असते. प्रवासात माणूस बाटली घेतो तो प्लॅस्टिकच्या आवडीने नव्हे, तर परक्या गावच्या पाण्याच्या धास्तीने घेतो. ही धास्ती उपदेशाने जात नाही. यंत्र आणि तारीख डोळ्यांसमोर असली की ती पुष्कळशी कमी होते. बाटली हवी असल्यास काउंटरवर विकत मिळते, त्यामुळे सक्ती कोणाला वाटत नाही. आमच्या बहुतेक पाहुण्यांनी, अगदी ज्येष्ठांनीही, तांब्याच भरून नेला.

न्याहारीच्या ताटल्या मुद्दाम लहान ठेवल्या आहेत. नॉर्वेतील हॉटेलांमध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ताटल्यांचा आकार कमी केल्याने वाया जाणारे अन्न सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले होते. आपल्याकडे मात्र एक अडचण संभवते : लग्नाच्या पाहुण्यासमोर लहान ताटली ठेवणे म्हणजे हात आखडता घेणे, असा समज सहज होऊ शकतो. येथे वाढणारी माणसे उप्पीट आणि शेंगाचटणी घेऊन टेबलापाशी पुन्हा पुन्हा येतात आणि मनापासून आग्रह करतात, त्यामुळे पाहुण्यांचा मान राहतो आणि ताटल्याही रिकाम्या परत जातात. ज्याने ही व्यवस्था बसवली, त्याला सोलापूरचा पाहुणचार नीट कळलेला आहे.

भिंतीवरच्या खाचेतून किल्ली काढताच खोलीतील वीज बंद होते. ही सोय आता बऱ्याच ठिकाणी असते.

टॉवेलच्या बाबतीत मात्र निराशा झाली. न्हाणीघरात ‘पाणी वाचवा, पृथ्वी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा’ अशी पाटी आहे. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि ज्याचे टेरी टॉवेल देशभर जातात, तेथे ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु अशा आवाहनाचा परिणाम मर्यादित असतो, हे नोआ गोल्डस्टीन, रॉबर्ट चाल्डीनी आणि व्लादास ग्रिस्केविशियस या संशोधकांनी अमेरिकेतील एका हॉटेलात केलेल्या आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले आहे. पर्यावरणाचे आवाहन वाचून सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला, तर बहुसंख्य पाहुणे तसे करतात असे सांगणारी पाटी वाचून सुमारे ४४ टक्क्यांनी. पुढच्या प्रयोगात ‘याच खोलीत राहिलेल्या’ पाहुण्यांचा उल्लेख केल्यावर हे प्रमाण ४९ टक्क्यांवर गेले. परक्या ठिकाणची रीत माणूस इतरांकडे पाहून उचलतो. लॉजने स्वतःच्या पाहुण्यांची खरी नोंद ठेवून ती पाटीवर लिहावी. खोटा आकडा मात्र कदापि लिहू नये.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की पुन्हा वापरण्याची खूण म्हणून दांडीवर टांगलेले टॉवेलही दुसऱ्या दिवशी बदलले गेले. ‘मग आम्ही टांगून उपयोग काय?’ हा माझ्या मावशींचा प्रश्न रास्त होता, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी टॉवेल टांगला नाही. केलेली काटकसर वाया जाते हे एकदा दिसले, की माणूस लॉजच्या इतर आवाहनांवरही विश्वास ठेवीनासा होतो. यात सफाई करणाऱ्या मुलांचा दोष नाही, कारण त्यांना प्रत्येक खोलीत नवे टॉवेल ठेवण्याचीच सूचना आहे. ती सूचना बदलणे व्यवस्थापनाच्या हाती आहे.

शिवाय येथे उतरणारे अनेक जण अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरच्या वाटेवर एकच रात्र थांबतात. त्यांच्यासाठी पुनर्वापराची पाटी निरर्थक आहे. खोलीत सुरुवातीला माणशी एकच टॉवेल ठेवून दुसरा मागितल्यावर देणे अधिक उपयोगी पडेल.

मुक्काम लांबणाऱ्यांसाठी आणखी एक उपाय आहे. २०१३ सालच्याच एका अमेरिकन अभ्यासात, खोली घेताना पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरण्याचे नेमके वचन दिले आणि त्याची खूण म्हणून त्यांना एक बिल्ला दिला, तेव्हा किमान एक टॉवेल टांगणाऱ्यांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक वाढले होते. येथील नोंदवहीत तशा एका रकान्याची भर सहज घालता येईल, आणि व्यवस्थापकांना मी तसे लेखी कळवले आहे. तोवर एकाहून अधिक रात्री राहणाऱ्यांनी सकाळी बाहेर पडताना काउंटरवर टॉवेल न बदलण्यास तोंडी सांगावे; आम्ही शेवटच्या दिवशी तसे सांगितले, तेव्हा ते पाळले गेले.