स्पोर्ट्स सीटचे आडवे डुलणे थांबवणारे काम : इंदूरच्या सांवेर रोडवरील एका वर्कशॉपचे परीक्षण

पुढे-मागे सरकणारी आणि पाठ कलवता येणारी स्पोर्ट्स सीट वळणावर आडवी हलू लागली, की चालक तोल सावरण्यासाठी स्टीअरिंगलाच धरून बसतो आणि पुढच्या चाकांची जी पकड हातांना कळायला हवी, ती कळेनाशी होते. माझ्या जुन्या दोन सीटच्या गाडीत हा दोष फार वाढला होता. महूहून मंडलेश्वरकडे जाताना जाम दरवाज्यापुढच्या घाटात डावीकडच्या प्रत्येक वळणावर सीटखालून टक् असा आवाज येई आणि उजवा गुडघा दाराला टेकवून बसावे लागे. सांवेर रोडच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहानशा फॅब्रिकेशन वर्कशॉपने हे काम केले आणि ते इतके विचारपूर्वक केले, की त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

याआधी दुसऱ्या एका ठिकाणी रेलखाली, म्हणजे सीट ज्यांवरून पुढे-मागे सरकते त्या पोलादी पट्ट्यांखाली, वॉशर भरून देण्यात आले होते, त्यामुळे आवाज काही काळ थांबला; डुलणे मात्र तसेच राहिले. या वर्कशॉपच्या मालकांनी पहिल्यांदा एका हाताने बैठक दाबून धरली, दुसऱ्या हाताने पाठ खांद्यापाशी ढकलली आणि ढिलेपणा नेमका कुठून येतो ते शोधले. रेलमधले छर्रे (सीट सरकवणाऱ्या पोलादी गोळ्या) झिजलेले होते, सीट जागी अडकवणारा लॉकचा दात एकाच रेलला होता आणि दोन्ही रेलना जोडणारी चौकट इतकी हलकी होती, की जोर येताच ती तिरकी होत असे. ७५ किलो वजनाचा चालक ०.९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पट) इतक्या जोराने वळण घेतो तेव्हा त्याच्या शरीराचाच आडवा भार सुमारे ६७ किलोइतका होतो. तो रेलच्या बऱ्याच वर लागत असल्यामुळे खालचा अर्ध्या मिलिमीटरचा सैलपणा खांद्यापाशी कितीतरी मोठा जाणवतो.

"काका, सरळ एक अँगल वेल्ड करून टाकला तर?" असे मी विचारले, तेव्हा त्यांनी स्पष्ट नकार दिला. रेलला वेल्डिंगची आच लागली तर पोलाद कमजोर होते, आणि सीटबेल्टचे बक्कल त्याच सीटला जोडलेले असते, हे त्यांचे कारण मला पूर्णपणे पटले. सीट काढण्यापूर्वी त्यांनी बॅटरीची तार सोडली, थोडा वेळ जाऊ दिला आणि मगच साइड एअरबॅगचा पिवळा कनेक्टर काढला. एअरबॅग पाठीच्या ज्या शिवणीतून उघडते, त्या बाजूला कोणताही आधार लावायचा नाही, हेही त्यांनी आधीच सांगून ठेवले होते.

वेल्डिंगऐवजी त्यांनी सीटखाली बसवलेल्या आधाराची रचना अशी आहे. फरशीवरील मूळ चार बोल्टांखाली पुढे एक आणि मागे एक अशा ४ मिलिमीटर जाडीच्या दोन आडव्या पट्ट्या बसवून त्या मधोमध एका चॅनेलने (पन्हळीसारख्या पोलादी पट्टीने) जोडल्या आहेत. सीटच्या चौकटीला तिच्या मूळ भोकांतूनच एक उभी पट्टी बोल्टने लावली असून ती चॅनेलमधल्या नायलॉनच्या दोन गुटक्यांमधून कपाटाच्या सरकत्या दारासारखी पुढे-मागे जाते. डावीकडे किंवा उजवीकडे तिला जागाच उरत नाही. रेल पुढच्या बाजूला किंचित चढत्या असल्यामुळे ही पट्टी त्याच उताराला समांतर ठेवावी लागली, नाहीतर सीट मागे घेताना ती गुटक्यांत अडकली असती. पट्ट्यांच्या जाडीइतके जास्त लांब, पण मूळ ग्रेडचेच (तितक्याच मजबुतीचे) बोल्ट वापरले आणि ते ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या टॉर्क पान्याने आवळले. फरशीला नवे भोक पाडले नाही, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेतील बदलांना आळा घालते.

परिणाम घाटातच तपासावा. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्रात ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे, परंतु त्याच्या आतल्या बाजूला कललेल्या वळणांवर योग्य वेगात भार सीटवर खालच्या दिशेने येतो आणि आडवा ढिलेपणा लपून राहतो. जाम घाटात आता बैठक जागची हलत नाही, गुडघा मोकळा राहतो आणि स्टीअरिंग बोटांनी धरता येते.

उणिवाही आहेत. पाठीच्या बिजागरीतला थोडा ढिलेपणा शिल्लक आहे. या आधाराने तो जाणार नाही, त्यासाठी पाठ कलवणारी यंत्रणा, म्हणजे रिक्लायनरच बदलावा लागेल. चॅनेलच्या कडा नीट घासलेल्या नव्हत्या आणि रंगही घाईत मारलेला होता. हे काम रस्त्यावरच्या गाडीसाठी आहे, शर्यतीसाठी नाही. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटरशर्यत संघटनेच्या नियमांत सीटचे आधार किमान ३ मिलिमीटर जाडीच्या पोलादाचे आणि बोल्ट किमान ८ मिलिमीटर व्यासाचे लागतात, शिवाय प्रत्येक जोड १५,००० न्यूटन भार कोणत्याही दिशेने सहन करणारा हवा, आणि त्याचे प्रमाणपत्र हे वर्कशॉप देत नाही. दोन्ही सीटचे मजुरीसह ९,५०० रुपये घेतले. नायलॉनचे गुटके झिजणारच, म्हणून त्यांनी एक जादा जोडी बिलाबरोबरच दिली असून ती बदलायला सीट पूर्ण काढावी लागत नाही.